एमसीबी वारंवार पडते तेव्हा : दोष शोधण्याची शिस्तशीर पद्धत

घरातली एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की वीज आपोआप तोडणारा खटका, वरचेवर पडू लागली की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे ‘एमसीबीच खराब झाली आहे, बदलून टाका’ आणि दुसरा म्हणजे ‘जरा मोठ्या ॲम्पियरची बसवा, मग पडणार नाही’. पहिला सल्ला अधूनमधून खरा ठरतो. दुसऱ्याने खटका पडायचा थांबतो हे खरे, पण ज्या कारणाने तो पडत होता ते कारण भिंतीच्या आत तसेच राहते आणि त्याला अडवणारे कोणी उरत नाही. म्हणून काहीही बदलण्याआधी दोन गोष्टी नीट पाहाव्यात : नेमका कोणता खटका पडला आणि वर केल्यावर तो किती वेळाने पुन्हा पडला. एवढे कळले की दोष कोणत्या जातीचा आहे याचा अंदाज बहुतेक वेळा एकही स्क्रू न उघडता येतो, आणि मग तो कोणत्या खोलीत, कोणत्या उपकरणात दडला आहे हे शोधण्याचे काम उरते.

पुढील विवेचन आपल्याकडच्या २३० व्होल्ट, सिंगल फेज घरगुती पुरवठ्याला धरून आहे. थ्री फेज जोडणी असलेल्या घरातही पद्धत तीच राहते, फक्त ती प्रत्येक फेजसाठी वेगळी वापरावी लागते.

हात लावण्यापूर्वी

येथे घरातल्या माणसाने करायच्या म्हणून सांगितलेल्या चाचण्या खटके वर-खाली करणे, बटणे चालू-बंद करणे आणि पिना काढणे-लावणे एवढ्यापुरत्याच आहेत. डीबीचे, म्हणजे हे खटके बसवलेल्या पेटीचे, पुढचे कव्हर काढून आतल्या वायरींना हात घालणे हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनचे काम आहे, कारण घरातला मेन बंद केला तरी मीटरकडून येणाऱ्या वायरींमध्ये आणि मेनच्या येणाऱ्या बाजूच्या स्क्रूंमध्ये करंट असतोच. हात कोरडे असावेत, पायात कोरडी रबरी चप्पल असावी आणि काम शक्यतो दिवसाउजेडी करावे.

जळका वास, डीबीतून येणारा चरचर आवाज, प्लॅस्टिकवर उमटलेला तपकिरी डाग, हाताला चटका बसेल इतका गरम खटका, नळाला किंवा गिझरच्या पाण्याला हात लावताच येणाऱ्या झिणझिण्या, किंवा स्विचबोर्डाभोवतीची भिंत ओली असणे, यांपैकी एकही गोष्ट आढळली तर शोधमोहीम तिथेच थांबवावी, मेन बंद करावा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावे. आणखी एक पथ्य असे की काहीही न बदलता तोच खटका पुन्हा पुन्हा वर करत बसू नये. शॉर्ट असलेल्या सर्किटवर एमसीबी दर वेळी शेकडो ॲम्पियरचा प्रवाह तोडत असते. त्यात तिचे आतले काँटॅक्ट झिजतात आणि दोषाच्या जागी दर वेळी नवी ठिणगी पडते.

कोणता खटका पडला?

डीबीत साधारणपणे तीन प्रकारची उपकरणे शेजारी शेजारी बसवलेली असतात आणि ती दिसायला इतकी सारखी असतात की घरातली माणसे सगळ्यांनाच एमसीबी म्हणतात. अरुंद, एका खटक्याच्या एमसीबी प्रत्येक सर्किटसाठी वेगळ्या असतात. त्यांच्यावर ‘सी १६’ किंवा ‘बी १०’ असे छापलेले असते आणि त्यातला आकडा ॲम्पियर सांगतो. दुप्पट रुंदीचे जे उपकरण असते त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेले छोटे बटण असेल आणि ‘३० मिलीॲम्पियर’ किंवा ‘०.०३ ॲम्पियर’ असा उल्लेख असेल, तर ती आरसीसीबी होय. पुष्कळ वायरमन तिला अजूनही ईएलसीबी म्हणतात. दुप्पट रुंदीचा असूनही टेस्ट बटण नसलेला खटका एकतर दोन पोलची (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी) एमसीबी असतो किंवा नुसता आयसोलेटर असतो. आयसोलेटर हा फक्त हाताने बंद करायचा स्विच आहे, तो आपणहून कधीच पडत नाही.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण या उपकरणांची कामे वेगळी आहेत. एमसीबी जास्त लोड आणि शॉर्ट ओळखते, पण एखाद्याच्या अंगातून जमिनीत जाणारा करंट तिला समजत नाही. आरसीसीबीला लोड किती आहे याच्याशी देणेघेणे नसते. ती फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांचा जमाखर्च सतत तपासत असते आणि त्यात १५ ते ३० मिलीॲम्पियरच्या दरम्यान कोठेतरी तफावत आली की पडते. त्यामुळे आरसीसीबी पडत असताना लोड कमी करत बसणे किंवा एमसीबी पडत असताना अर्थिंगला दोष देणे, दोन्ही व्यर्थ आहे. दोन्ही कामे एकाच उपकरणात करणारी आरसीबीओही काही घरांत असते. तिच्या बाबतीत दोन्ही शक्यता तपासाव्या लागतात.

पडलेला खटका काही बनावटींमध्ये पूर्ण खाली येतो, तर काहींमध्ये मधेच थांबतो. अशा वेळी तो थेट वर ढकलला तर अडकत नाही आणि माणसाला वाटते की एमसीबी बिघडली. आधी तो पूर्ण खाली दाबावा आणि मग वर करावा.

किती वेळात पडली?

एमसीबीच्या आत दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. दोन धातूंची जोडपट्टी जास्त प्रवाहाने हळूहळू तापून वाकते आणि खटका पाडते, तर विद्युतचुंबकाची गुंडाळी प्रवाह एकदम कित्येक पट वाढला की क्षणार्धात खटका ओढते. म्हणून खटका वर करताच ‘खट्’ करून खाली आला तर शॉर्ट समजावा, काही सेकंदांत पडला तर अडकलेल्या मोटरसारखे मोठे लोड समजावे, आणि दहा-वीस मिनिटांनी किंवा तासाभराने पडला तर लोड थोडेसे जास्त आहे किंवा कोठेतरी जोड सैल होऊन तापत आहे असे धरून चालावे. पडण्याच्या वेळी घरात काय काय चालू होते हे त्याच क्षणी कागदावर लिहून ठेवावे. संध्याकाळपर्यंत ते कोणालाच नीट आठवत नाही.

उशिरा पडणारी एमसीबी : लोडाचा हिशोब

सोळा ॲम्पियरची एमसीबी सोळा ॲम्पियरला पडते, असा सार्वत्रिक समज आहे आणि तो चुकीचा आहे. मानकाप्रमाणे घरगुती एमसीबी तिच्या क्षमतेच्या १.१३ पट प्रवाहावर निदान एक तास पडता कामा नये आणि १.४५ पट प्रवाहावर तासाभराच्या आत पडलीच पाहिजे. म्हणजे १६ ॲम्पियरच्या एमसीबीसाठी सुमारे १८ आणि २३ ॲम्पियर या दोन सीमा झाल्या. त्यांच्या मधल्या पट्ट्यात ती आज पडेल आणि उद्या पडणार नाही.

स्वयंपाकघराचे उदाहरण घ्या. कोणत्याही उपकरणाच्या वॅटला २३० ने भागले की ॲम्पियर मिळतात. २००० वॅटची इंडक्शन शेगडी ८.७, १५०० वॅटचा ओटीजी ६.५ आणि १२०० वॅट घेणारा मायक्रोवेव्ह ५.२ ॲम्पियर ओढतो. एकूण सुमारे २०.४ झाले, म्हणजे नेमका तो अनिश्चित पट्टा. त्यात चटणीसाठी ७५० वॅटचा मिक्सर लावला की आकडा २३.७ वर जातो आणि वरची सीमा ओलांडतो. मिक्सर दोनच मिनिटे चालतो हे खरे, पण जोडपट्टी आधीच अर्धा तास तापलेली असते, म्हणून खटका मिक्सर लावल्यावर पडतो आणि बिचारा मिक्सर दुरुस्तीला जातो.

या प्रकारातला उपाय सोपा आहे. ज्या सर्किटची एमसीबी पडते त्यावर कोणकोणते सॉकेट आहेत हे आधी शोधावे : ती एमसीबी बंद करून घरभर फिरून जे जे बंद पडले त्याची यादी करावी. बांधकामाच्या वेळी स्वयंपाकघराचा सॉकेट आणि शेजारच्या बाल्कनीतला वॉशिंग मशिनचा पॉइंट एकाच एमसीबीवर घेतलेला पुष्कळदा आढळतो, आणि घरच्यांना ते वर्षानुवर्षे ठाऊक नसते. मग जड उपकरणे वेगवेगळ्या वेळी चालवावीत किंवा इलेक्ट्रिशियनकडून गिझर, एसी आणि इंडक्शन यांसाठी डीबीपासून स्वतंत्र वायर ओढून घ्यावी. वेळ ठरवून वापरणे फुकट असले तरी सणासुदीला ते टिकत नाही, त्यामुळे जिथे परवडेल तिथे स्वतंत्र वायरच बरी. एक्स्टेन्शन बोर्डाने मात्र काही साधत नाही. लोड त्याच वायरवर राहते, वर बोर्डाची बारीक वायर तापण्याची भर पडते.

प्रत्येक सर्किटचा लोड त्याच्या सीमेच्या खूप आत असूनही मेन एमसीबी पडत असेल, तर वीजबिलावर छापलेला मंजूर भार पाहावा. दहा-पंधरा वर्षांपूर्वी पंखे, दिवे आणि एक फ्रीज एवढ्यासाठी घेतलेल्या जोडणीवर आता दोन एसी आणि गिझर चालत असतील, तर मेनची वायर, मेन एमसीबी आणि मंजूर भार या तिन्हींचा विचार एकत्र करावा लागतो आणि भारवाढीसाठी वीज कंपनीकडे रीतसर अर्ज करावा लागतो.

लगेच पडणारी एमसीबी : शॉर्ट

येथे वगळत जाण्याची पद्धत वापरावी. त्या सर्किटवरची सगळी बटणे बंद करावीत आणि सगळ्या पिना सॉकेटमधून प्रत्यक्ष उपसून काढाव्यात, कारण नुसते बटण बंद केल्याने फक्त फेज तुटतो आणि जुन्या वायरिंगमध्ये चुकून न्यूट्रलवर बटण बसवलेले असले तर तोही तुटत नाही. मग खटका वर करावा. तो टिकला तर वायर बोर्डांपर्यंत ठीक आहे आणि दोष एखाद्या बटणाच्या पुढे किंवा उपकरणात आहे. आता एकेक बटण, आणि ती सगळी झाल्यावर एकेक पिन, अशा क्रमाने लावत जावे. ज्या क्षणी खटका पडेल त्या क्षणी लावलेली वस्तू बाजूला ठेवावी. ती वस्तू दुसऱ्या सर्किटवर लावून बघण्याचा मोह होतो, पण तो टाळावा, कारण शॉर्ट असलेले उपकरण तिथलाही खटका पाडणारच. तिची केबल पिनेजवळ आणि उपकरणात शिरते तिथे वाकवून पाहावी. इस्त्रीच्या वायरी नेमक्या त्याच दोन ठिकाणी आतून तुटतात.

सगळे काढूनही खटका टिकत नसेल, तर दोष भिंतीतल्या वायरीत किंवा बोर्डात आहे. अशा वेळी इलेक्ट्रिशियन येईपर्यंत एकच प्रश्न स्वतःला विचारावा : गेल्या काही दिवसांत भिंतीत कोठे खिळा ठोकला गेला का, टीव्हीचा स्टँड, पडद्याची दांडी किंवा मॉड्युलर कपाट बसवताना ड्रिल मारले का? कन्सिल्ड वायरिंगचा पाइप बोर्डापासून सरळ वर किंवा आडवा गेलेला असतो, आणि ड्रिलने तो फोडला तरी कधीकधी शॉर्ट लगेच होत नाही. इन्सुलेशन सोललेली वायर काही दिवसांनी, भिंतीला ओल आली की बोलते. स्विचबोर्डात मुंग्यांनी केलेले वारूळ किंवा दोन टर्मिनलांमध्ये चिकटून मेलेली पाल हेही आपल्याकडचे नेहमीचे कारण आहे. दिसायला ते किरकोळ वाटते, पण एमसीबी पाडायला पुरते.

पंप आणि एसी : सुरू होतानाच पडणे

मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. ‘बी’ जातीची एमसीबी तिच्या क्षमतेच्या ३ ते ५ पटीला तत्काळ पडते, ‘सी’ जातीची ५ ते १० पटीला आणि ‘डी’ जातीची १० ते २० पटीला. दुरुस्ती करताना कोणी ‘सी’च्या जागी त्याच ॲम्पियरची ‘बी’ बसवून गेला असेल, तर पंप सुरू होताना खटका पडतो आणि पंपात मात्र काहीच दोष नसतो. म्हणून एमसीबी बदलल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल तर आधी ते अक्षर वाचावे.

पंप नुसता घुरघुरतो, फिरत नाही आणि काही सेकंदांत एमसीबी पडते, असे होत असेल तर कंडेन्सर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा भाग) उतरला असण्याची किंवा बरेच दिवस बंद राहिल्याने पंप जाम झाला असण्याची शक्यता अधिक. दोन्ही प्रकारांत मोटर फिरत नाही आणि सुरुवातीचा मोठा प्रवाह ओसरतच नाही. पंप चालू ठेवून पाहू नये, वाइंडिंग जळते. एसीच्या बाबतीत वीज जाऊन लगेच आली की काँप्रेसर गॅसच्या दाबाविरुद्ध सुरू होऊ पाहतो. ज्या जुन्या एसीला किंवा स्टॅबिलायझरला तीन-चार मिनिटे थांबून सुरू होण्याची सोय नाही, त्यांना ती वेळ आपण हाताने द्यावी.

आरसीसीबी पडत असेल तर

इथे शोध अधिक किचकट आहे, आणि नवे इलेक्ट्रिशियनही चकतात ते इथेच. आधी सगळ्या एमसीबी खाली करून आरसीसीबी वर करावी आणि मग एकेक एमसीबी चढवत जावी. एखादी विशिष्ट एमसीबी चढवताच आरसीसीबी पडली, तर त्या सर्किटवरच्या सगळ्या पिना उपसून वरच्याच पद्धतीने एकेक लावून पाहाव्यात. संशयितांच्या यादीत पाण्याशी आणि उष्णतेशी संबंध असलेली उपकरणे वर ठेवावीत : गिझर, वॉशिंग मशिन, पाण्याचा पंप, बाहेरचे दिवे, इस्त्री, फ्रीज.

गिझरचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. त्याच्या कॉइलमध्ये तापणारी तार धातूच्या नळीत, पांढऱ्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पुडीत गाडलेली असते. बोअरचे जड पाणी असेल तर नळीवर क्षारांचा थर चढत जातो, थरामुळे उष्णता बाहेर पडत नाही, नळी जास्त तापते आणि शेवटी तिला केसासारखी चीर पडते. त्या चिरेतून ओल आतल्या पुडीत शिरली की करंट नळीच्या धातूकडे गळू लागतो. सुरुवातीला ही गळती फक्त कॉइल तापल्यावर होते, त्यामुळे गिझर लावला की लगेच नव्हे, तर पाच-सात मिनिटांनी आरसीसीबी पडते आणि गार झाल्यावर पुन्हा बिनतक्रार चालते. अशा गिझरचे अर्थिंग तुटलेले असेल आणि आरसीसीबी कोणीतरी काढून टाकलेली असेल, तर तोच करंट नळाला हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो. कॉइल नवी टाकणे हाच त्यावरचा उपाय आहे.

ज्याच्या वेळेचा काही मेळ लागत नाही, दिवसातून एक-दोनदा आणि मध्यरात्रीही आरसीसीबी पडते, तिथे फ्रॉस्ट फ्री फ्रीजवर नजर ठेवावी. त्यातला बर्फ वितळवणारा हीटर ठरावीक तासांनी आपोआप चालू होतो आणि त्याची गळती त्या वेळेपुरतीच दिसते. फ्रीज एक दिवस आरसीसीबी नसलेल्या लाइनवर लावून तपासू नये. त्याऐवजी त्यातले सामान शेजाऱ्यांकडे ठेवून पिन काढून ठेवावी आणि त्या काळात खटका टिकतो का ते पाहावे.

आता मुख्य पेच. आपल्याकडच्या डीबीत बहुतेक एमसीबी एका पोलच्या असतात. त्या फक्त फेज तोडतात, सगळ्या सर्किटांचे न्यूट्रल एका पितळी पट्टीवर कायम जोडलेले राहतात. त्यामुळे एखाद्या सर्किटची न्यूट्रल वायर अर्थिंगला किंवा ओल्या भिंतीला चिकटली असेल, तर ती एमसीबी खाली केल्याने दोष वेगळा होत नाही. दुसऱ्याच खोलीत काही जड उपकरण लावले की त्याच्या परतीच्या प्रवाहातला थोडा भाग न्यूट्रलऐवजी या चोरवाटेने जमिनीत जातो आणि आरसीसीबी पडते. लक्षण असे की कोणतीही एमसीबी चढवली तरी आणि कोणतेही उपकरण लावले तरी खटका पडतो, लोड जितके मोठे तितका लवकर पडतो, आणि सगळ्या एमसीबी बंद असताना तो कधी टिकतो, कधी टिकत नाही. हे लक्षण ओळखता आले नाही तर एकामागून एक निर्दोष उपकरणे दुरुस्तीला जातात. घरच्या माणसाने येथे एवढेच करावे : घरातली सगळ्या सॉकेटांमधली प्रत्येक पिन उपसून ठेवावी, कारण उपकरणातला न्यूट्रल दोष फक्त पिन काढल्यानेच सुटतो. तरीही तक्रार राहिली तर इलेक्ट्रिशियनने आरसीसीबी बंद ठेवून, न्यूट्रल पट्टीवरच्या वायरी एकेक सोडवून, प्रत्येकीची अर्थशी असलेली इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन किती चांगले आहे ते मोजणाऱ्या उपकरणाने) तपासावी. चांगल्या वायरिंगमध्ये हे रीडिंग कित्येक मेगाओम येते. १ मेगाओमच्या खाली आले तर ती वायर संशयित धरावी. मेगर लावण्यापूर्वी टीव्ही, संगणक, एलईडी दिवे असे इलेक्ट्रॉनिक सामान सुटे केले आहे ना, हे आवर्जून विचारावे. न्यूट्रल पट्टीवरून सगळ्या बाहेरच्या वायरी सुटल्यावरही आरसीसीबी टिकत नसेल, तरच ती स्वतः सदोष समजावी.

एकही उपकरण बिघडलेले नसताना आरसीसीबी पडण्याचाही एक प्रकार आहे. संगणक, वॉशिंग मशिन, इन्व्हर्टर एसी, एलईडी ड्रायव्हर यांच्या फिल्टरमधून प्रत्येकी थोडासा, एखाद-दोन मिलीॲम्पियरचा करंट अर्थकडे जातच असतो आणि तो दोष नसतो. पण घरभरासाठी एकच आरसीसीबी असेल तर या थेंबांची बेरीज १०-१२ मिलीॲम्पियरवर जाऊन बसते आणि मग वळवाच्या पावसातली एखादी वीज किंवा मोठे लोड सुरू होतानाचा झटकाही खटका पाडायला पुरेसा होतो. येथे सर्किटे विभागून दोन किंवा तीन आरसीसीबी बसवून घेणे योग्य. जास्त मिलीॲम्पियरची आरसीसीबी बसवणे अयोग्य, कारण ३० मिलीॲम्पियर हा आकडा माणसाचे हृदय वाचावे म्हणून ठरला आहे. १०० किंवा ३०० मिलीॲम्पियरची आरसीसीबी आगीपासून संरक्षण देते, माणसाला धक्क्यापासून नाही.

इन्व्हर्टर बसवल्यानंतर सुरू झालेली तक्रार

हा प्रकार इतका नेहमीचा आहे की स्वतंत्र सांगणे भाग आहे. वीज गेलेली असताना इन्व्हर्टरवर सगळे सुरळीत चालते आणि वीज आली की आरसीसीबी पडते, असे होत असेल तर उपकरणांमागे लागू नये. इन्व्हर्टरला वीज आरसीसीबीतून मिळते, पण त्याच्या फेजवर चालणाऱ्या पंख्या-दिव्यांचा न्यूट्रल आरसीसीबीच्या आधीच्या किंवा दुसऱ्या आरसीसीबीच्या पट्टीवर जोडलेला असतो. मग गेलेला प्रवाह त्याच वाटेने परत येत नाही आणि आरसीसीबी आपले काम चोख करते. बॅटरीची कंपनी आणि वायरमन एकमेकांकडे बोट दाखवत राहतात, पण काम एकच आहे : इन्व्हर्टरवरच्या सर्किटांचे न्यूट्रल वेगळे करून योग्य पट्टीवर आणणे.

पावसाळा आणि पुरानंतर

कोकण, मुंबई आणि घाटमाथ्यावर जूनच्या पहिल्या जोरदार सरींबरोबर आरसीसीबी पडू लागली तर गेटवरचा दिवा, गच्चीवरचा पॉइंट, बाहेरच्या भिंतीवरची बेल आणि टाकीचा पंप ही चार ठिकाणे आधी पाहावीत. ऊन पडले की तक्रार आपोआप बंद होते आणि विसरली जाते, पण ओलीने आतल्या पितळी टर्मिनलांवर चढलेली हिरवट पूड तशीच राहते. बाहेरच्या पॉइंटना पावसाळी झाकणाचे बॉक्स बसवावेत आणि वायर बॉक्समध्ये खालून शिरेल अशी घ्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी आत जात नाही.

घरात पुराचे पाणी शिरले असेल, जसे २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण-महाडमध्ये शिरले, तर खटके वर करून पाहण्याची चाचणी अजिबात करू नये. पाण्यात बुडालेल्या एमसीबी आणि आरसीसीबी वाळवून वापरण्याजोग्या राहत नाहीत. आत गाळ बसतो, स्प्रिंगा गंजतात आणि बाहेरून ठीक दिसणारा खटका वेळेवर पडत नाही. त्या बदलाव्यात आणि सगळ्या वायरिंगची मेगर चाचणी झाल्यावरच पुरवठा सुरू करावा.

लोड कमी, शॉर्ट नाही, तरीही पडते

अशा वेळी सैल स्क्रू शोधावा. एमसीबीच्या टर्मिनलवर वायर घट्ट बसलेली नसली की तिथे उष्णता निर्माण होते, ती आतल्या जोडपट्टीला लागते आणि पट्टीला वाटते की प्रवाह जास्त आहे. एमसीबी मग क्षमतेच्या बऱ्याच आधी पडते. जुन्या घरांतल्या ॲल्युमिनियमच्या वायरी दाबाखाली हळूहळू पसरतात, त्यामुळे त्यांचे स्क्रू पुन्हा पुन्हा सैल होतात. इलेक्ट्रिशियनकडून पुरवठा बंद करून सगळे स्क्रू आवळून घ्यावेत आणि टोक काळे पडले असेल तर तेवढे कापून नव्याने बसवावे.

हवेची उष्णताही मोजावी लागते. एमसीबीची क्षमता मानकात ३० अंश सेल्सिअसला धरलेली आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना, पश्चिमेच्या भिंतीवरच्या बंद पेटीत, दोन तापलेल्या एमसीबींच्या मध्ये बसलेली तिसरी एमसीबी थोडी लवकर पडली तर त्यात नवल नाही. पेटी सावलीत हलवणे किंवा जड लोडाच्या एमसीबी एकमेकींपासून दूर बसवणे एवढ्याने हा प्रश्न सुटतो. हे सगळे तपासून झाल्यावर आणि क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाने) प्रत्यक्ष प्रवाह मोजून तो क्षमतेच्या आत आढळल्यावरच एमसीबी जुनी झाली असे म्हणावे आणि बदलावी.

बदलताना

नवी एमसीबी त्याच ॲम्पियरची, त्याच अक्षराची आणि आयएसआय चिन्हाची असावी. चौकटीत छापलेला १०,००० हा आकडा ती किती मोठा शॉर्ट सुरक्षितपणे तोडू शकते ते सांगतो. एमसीबीचा आकडा उपकरण पाहून ठरवायचा नसतो, वायर पाहून ठरवायचा असतो : साधारणपणे १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीला ६ ते १० ॲम्पियर, २.५ ला १६ आणि ४ ला २० ते २५. अडीचच्या वायरीवर ३२ ची एमसीबी बसवली तर वायर इन्सुलेशन मऊ होईपर्यंत तापत राहते आणि खटका वरच राहतो. किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळण्याचा जुना उद्योग आणि हा, दोन्ही एकच. आरसीसीबी ‘सारखी पडते’ म्हणून तिला वायरीचा तुकडा टाकून वळसा देणाऱ्या कारागिराला पुन्हा घरात घेऊ नये.

आरसीसीबीचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबावे आणि दाबताच ती पडली पाहिजे. मात्र या चाचणीने फक्त आरसीसीबीची यंत्रणा तपासली जाते, घराचे अर्थिंग नव्हे, कारण बटणाचा प्रवाह तिच्या आतच फिरतो. अर्थिंग नसलेल्या घरातही टेस्ट बटण व्यवस्थित चालते. अर्थिंगची तपासणी वेगळी करून घ्यावी लागते.

इलेक्ट्रिशियनला बोलावताना

‘लाइट सारखी जाते’ असे न सांगता कोणता खटका, त्यावर छापलेले अक्षर आणि आकडा, वर केल्यावर किती वेळाने पडतो, त्या वेळी काय चालू होते, पाऊस होता का, आणि तक्रार सुरू होण्याआधी घरात कोणते नवे काम झाले, एवढे सांगावे. येताना मेगर आणि क्लॅम्प मीटर घेऊन यायला सांगावे. नुसता टेस्टर घेऊन येणाऱ्याला न्यूट्रलचा दोष सापडत नाही. खटका तुमच्या डीबीतला नसून सोसायटीच्या मीटर रूममधला असेल, तर मीटरच्या पुढची बाजू ग्राहकाची आणि मीटर व त्याच्या मागची बाजू वीज कंपनीची असते. मीटर किंवा सर्व्हिस वायर तापत असेल, ठिणग्या दिसत असतील किंवा घरातले दिवे मधूनच प्रखर आणि मंद होत असतील, तर १९१२ वर तक्रार नोंदवावी आणि तोपर्यंत मेन बंद ठेवावा. दिवे प्रखर-मंद होणे हे न्यूट्रल सुटल्याचे लक्षण असते, व्होल्टेज ३०० च्या पुढेही जाऊ शकते आणि साध्या एमसीबीला त्याची खबरही लागत नाही.